इच्छा आणि इच्छाफल

फलन शिकवायला घेतलं की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : एक्स स्वतंत्र आणि वाय त्याच्यावर अवलंबून, हे ठरवलं कुणी? प्रश्न अगदी रास्त आहे. घोळ होतो तो 'स्वतंत्र' या शब्दाने. स्वातंत्र्य जणू त्या राशीला जन्मतःच मिळालेलं! या जोडीसाठी आपल्याकडे फार जुने शब्द आहेत आणि मला ते अधिक नेमके वाटतात.

इ. स. 499 च्या सुमाराच्या 'आर्यभटीया'त त्रैराशिकाची रीत एका श्लोकात येते. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. येईल ते इच्छाफल. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही हेच शब्द आहेत. 4 किलो तांदळाचे 240 रुपये, तर 7 किलोचे किती? 4 हे प्रमाण, 240 हे फल, 7 ही इच्छा. इच्छाफल 420 रुपये. आता गिऱ्हाईक म्हणालं, 'माझ्याकडे 600 रुपये आहेत, तेवढ्याचा द्या.' लगेच 240 प्रमाण झाले, 4 फल झालं, 600 ही इच्छा, आणि उत्तर आलं 10 किलो. दुकान तेच, भाव तोच. विचारणाऱ्याचा प्रश्न फिरला तशा वजनाने आणि पैशाने जागा बदलल्या. इच्छा म्हणजे विचारणाऱ्याने धरलेली राशी, एवढंच. आजच्या 'फलन' शब्दातही तेच फल आहे.

अर्थात त्रैराशिक म्हणजे फलन नव्हे. तिथलं नातं एका ठरावीक साच्याचं. कुठल्याही नात्याला लागू पडेल अशी कल्पना युरोपात घडली. लायब्निट्सच्या 1673 च्या हस्तलिखितात 'फंक्शन'चा लॅटिन अवतार भेटतो. ऑयलरने 1748 मध्ये फलन म्हणजे सूत्र असं मानलं; 1755 मध्ये मात्र एक राशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली दुसरीही बदलते, या नात्यावर भर दिला. पुढे 1821 च्या पाठ्यपुस्तकात कोशीने लिहिलं की, एकीची किंमत कळली की बाकीच्यांची काढता येते अशा राशी असतील, तर त्या सगळ्या एकीच्या आधाराने मांडाव्यात. ती एक स्वतंत्र चल, बाकीच्या तिची फलने. ती एक कोणती, हे त्याने मांडणाऱ्यावर सोडलं.

ही निवड किती महागात पडू शकते, ते कोशीच्या दोनशे वर्षं आधी गॅलिलिओने अनुभवलं होतं. पडणाऱ्या वस्तूचा वेग कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो, असं त्याने 1604 मध्ये आपला मित्र पाओलो सार्पी याला लिहिलं. ते चूक होतं. 1638 च्या ग्रंथात त्याने अंतर बाजूला ठेवून काळ धरला. लाकडी उतारावरच्या खोबणीतून काशाची गोळी सोडायची, ती पोचेपर्यंत भांड्यातून बारीक धारेने पडलेलं पाणी तराजूत तोलायचं. पाण्याचं वजन हाच काळ. काळ दुप्पट, तर अंतर चौपट. काळ तिप्पट, तर अंतर नऊपट.