दिनविशेष, ५ डिसेंबर : फ्लाइट लेफ्टनंट तांबे बेपत्ता

१९७१ चे युद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. आजच्याच तारखेला पाकिस्तानातील शोरकोट रोड विमानतळावरील हल्ल्यात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-७ पडले. एक इंजिन, एक वैमानिक; बॉम्ब घेऊन अगदी खालून घुसायचे, म्हणजे विमानविरोधी तोफांच्या टप्प्यातच. तांबे परतले नाहीत.

लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. युद्धकाळातच ढाक्याच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जिवंत पकडलेल्या पाच भारतीय वैमानिकांची बातमी आली. त्यात एक नाव ‘टॉम्बे’ असे छापलेले. एका अक्षराचा काय तो फरक! दमयंतींनी हा धागा कधी सोडला नाही.

१९७२ च्या सिमला करारानंतर पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी मायदेशी गेले. आपले ‘बेपत्ता ५४’, म्हणजे पाकिस्तानच्या कैदेत असल्याचे मानले जाणारे ५४ भारतीय सैनिक, मात्र यादीतच राहिले. असे कैदी आपल्याकडे नाहीतच, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर. २००७ मध्ये १४ नातेवाइकांना तिथले तुरुंग पाहू दिले गेले; तोवर ३६ वर्षे उलटली होती. इतक्या उशिराच्या परवानगीचे कौतुक ते किती करायचे? दमयंती त्या गटात होत्या. कोणीच सापडले नाही.

त्यांनी दुसरे लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी करत त्यांनी सरकारदरबारी पाठपुरावा चालूच ठेवला.