'कॉल ऑफ' : निर्णय कुणाचा?

इंग्रजी क्रियापदाला छोटेसे अव्यय जोडले की त्याचा अर्थ पार पालटतो. 'कॉल' म्हणजे हाक मारणे. 'कॉल ऑफ' म्हणजे ठरलेली किंवा सुरू झालेली गोष्ट रद्द करणे अथवा थांबविणे.

मराठीत त्यासाठी एकच शब्द पुरत नाही. 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ' म्हणजे सामना रद्द झाला. 'दे कॉल्ड ऑफ द वेडिंग' म्हणजे त्यांनी ठरलेले लग्न मोडले. 'द पोलीस कॉल्ड ऑफ द सर्च' म्हणजे पोलिसांनी शोध थांबविला. 'कॉल ऑफ युवर डॉग' म्हणजे 'तुमच्या कुत्र्याला आवरा'. येथे हाकेचा मूळ अर्थ अजूनही जाणवतो.

'पुट ऑफ'शी याची गल्लत करू नये. परीक्षा 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे ढकलली, अभ्यास सुरूच ठेवायचा. 'कॉल्ड ऑफ' झाली तर ती रद्दच झाली. सूचनाफलक वाचताना हा फरक विद्यार्थ्यांना महागात पडू शकतो.

व्याकरणाचा एक नियम ध्यानात ठेवावा. नाम दोन्ही जागी चालते : 'कॉल ऑफ द मीटिंग' किंवा 'कॉल द मीटिंग ऑफ'. सर्वनाम मात्र मध्येच येते : 'कॉल इट ऑफ'. 'कॉल ऑफ इट' ही चूक ठरते.

या शब्दप्रयोगात नेहमी कुणाचा तरी निर्णय अभिप्रेत असतो. चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये महात्मा गांधींनी असहकार आंदोलन मागे घेतले. तेथे 'कॉल्ड ऑफ' चपखल बसते. मुंबईच्या गिरणी संपाची गोष्ट निराळी. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कालांतराने काही कामावर परतले, हजारोंची नोकरी कायमची गेली. पण संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही. म्हणून इंग्रजीत 'द स्ट्राइक वॉज नेव्हर कॉल्ड ऑफ' असेच लिहावे लागते. कुणी न थांबविता हळूहळू विरून गेलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत 'पीटर आउट' हा वेगळा शब्दप्रयोग आहे. तेव्हा 'कॉल ऑफ' लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे : थांबविण्याचा निर्णय कुणी घेतला?