खोलीचं डिपॉझिट अडकलं? असे वाद कसे मिटतात, याची माहिती सरकारकडून अशी मागा

शिक्षणासाठी, नोकरीसाठी गावाकडची पोरं पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला खोली करून राहतात. खोली घेताना डिपॉझिट भरावं लागतं. सोडताना रंगकाम, साफसफाई, वीजबिल अशी कारणं सांगून पैसे कापले जातात, कधी सगळेच बुडतात. असे वाद किती येतात, किती मिटतात, किती दिवस लागतात हे आधी कळलं, तर तडजोड करायची की दावा लावायचा हे घरच्यांना ठरवता येतं. माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली ही माहिती मागता येते.

कुणाकडे मागायची?

महाराष्ट्रात फक्त डिपॉझिटच्या वादांसाठी वेगळं कार्यालय नाही, त्यामुळे आकडेही एका जागी मिळत नाहीत. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खालचे सक्षम प्राधिकारी मुख्यतः घरमालकांचे जागा खाली करून मिळण्याचे अर्ज ऐकतात. पोलिसांना पैशाचा दिवाणी वाद ठरवण्याचा अधिकार नाही. म्हणून अर्ज दोन ठिकाणी करावा. एक, खोली ज्या शहरात आहे तिथलं न्यायालय. दुसरं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. लोकअदालती हेच प्राधिकरण भरवतं आणि दावा लावण्याआधीची प्रकरणंही तिथे मिटतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

काय विचारायचं?

जे कागदावर आहे तेच मिळतं. अर्जदारासाठी नवी आकडेवारी गोळा करून देणं कार्यालयावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय. म्हणून "डिपॉझिटचे वाद का वाढले?" असं विचारून उपयोग नाही. असं लिहावं:

– १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात घरमालक-भाडेकरू वादाची दावा-पूर्व प्रकरणं किती आली?
– त्यातली तडजोडीने किती मिटली?
– डिपॉझिटच्या प्रकरणांची वेगळी नोंद ठेवतात का? असल्यास त्याची प्रत द्यावी.
– वेगळी नोंद नसल्यास नोंदवही पाहू द्यावी.

पक्षकारांची नावं, पत्ते मागू नयेत. खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. एखाद्या निकालाची प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात नव्हे, न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो.

अर्ज, फी आणि मुदत

राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखला जोडल्यास फी माफ आहे. न्यायालयांचे माहिती अधिकाराचे नियम वेगळे आहेत, तिथला नमुना आणि फी आधी विचारून घ्यावी. पोच किंवा पोस्टाची पावती जपून ठेवावी.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला, तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्याच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावं. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येतं.

करार नोंदवलाय का?

भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ नुसार घरमालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं घरमालकाला सिद्ध करावं लागतं. मात्र डिपॉझिट दिल्याचा पुरावा हातात हवा. त्यामुळे रोख देण्यापेक्षा बँकेतून किंवा यूपीआयने द्यावं आणि खोलीचा ताबा घेताना व सोडताना फोटो काढून ठेवावेत.