पावतीपुस्तकाचा इतिहास

दलित चळवळीचा इतिहास लिहिताना आपण सत्याग्रहांची, परिषदांची आणि भाषणांची नोंद करतो. पावतीपुस्तकाची नोंद कोणी करीत नाही. वस्तीत समाजगृह उभे राहिले, शाळेला स्वतःचे छप्पर मिळाले, तर उद्घाटकाचे नाव संगमरवरावर कोरले जाते. आणा-दोन आणे देणाऱ्यांची नावे मात्र वाळवीच्या स्वाधीन होतात. इमारत कोणाच्या पैशाने झाली, एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. ती कोणाच्या ताब्यात राहिली, हा खरा प्रश्न आहे. आपल्या संस्थांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

गावात देऊळ होते, चावडी होती, शाळा होती. त्यांपैकी काहीच आपले नव्हते. आपला होता तो महारवाड्यातला तक्क्या. बैठक तिथे, पाहुण्याचा मुक्काम तिथे, भांडणाचा निवाडाही तिथेच. तक्क्याची माती सगळ्यांनी मिळून लिंपायची, म्हणून तो सगळ्यांचा. त्याला ना दाता होता ना विश्वस्त. मुंबईत आलेल्या माणसाला तेवढीही जागा उरली नाही. चाळीतल्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे. तिथे सभा कुठे भरवायची आणि पोराने अभ्यास कुठे करायचा?

पहिल्या इमारती आल्या त्या सहानुभूतीच्या वाटेने. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. नारायण चंदावरकर अध्यक्ष होते. परळला शाळा निघाली. पुढे पुण्यात तुकोजीराव होळकरांच्या २०,००० रुपयांच्या देणगीतून अहल्याश्रम उभा राहिला. शिंद्यांची तळमळ निखळ होती. अस्पृश्यांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहणारा तो माणूस होता. परंतु पैसा संस्थानिकांचा आणि शेठजींचा, कारभार सवर्ण सुधारकांचा, आणि अस्पृश्य मात्र लाभार्थी, अशी ती रचना होती. शिकलेल्या अस्पृश्यांनी 'कारभारात आम्ही कुठे?' असे विचारणे अटळ होते. हा प्रश्न म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. शाळेने शिकवलेले पहिले अक्षर होते ते.

२० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा हे पुढचे पाऊल. अध्यक्षपदी चिमणलाल सेटलवाड होते, इतरही सवर्ण आणि पारशी मंडळी होती. पण व्यवस्थापक मंडळाची सूत्रे बाबासाहेबांच्या हाती होती. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. बाबासाहेबांनी इतरांचा पैसा नाकारला नाही, सरकारी अनुदानही नाकारले नाही. त्यांनी नाकारले ते त्या पैशाबरोबर येणारे मिंधेपण. ३ फेब्रुवारी १९२८ च्या 'बहिष्कृत भारत'मधील अग्रलेखाचे शीर्षकच 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असे होते. वर्तमानपत्राचे कर्ज हे संपादकाचे खाजगी कर्ज नसून समाजाचे कर्ज आहे, ही जाणीव त्यामागे होती. समाजाच्या पैशाकडे पाहण्याची ही नवी दृष्टी होती. दानाच्या जागी वर्गणी आली.

या वर्गणीचे मोल समजण्यासाठी गिरणीत डोकावले पाहिजे. विणकाम खात्यात पगार बरा होता, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे विटाळाच्या नावाखाली अस्पृश्याला त्या खात्याचा दरवाजा बंद. तो कमी पगाराच्या रिंग खात्यात. जातीने आधी त्याच्या मजुरीतून पैसे कापून घेतले, आणि उरलेल्या मजुरीतून त्याने इमारत फंडाला वर्गणी दिली. १९४४ साली मुंबईत ट्रस्ट नोंदला गेला. दादरच्या गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवन झाले, बुद्धभूषण छापखाना तिथे चालला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही लष्करी बराकीत. इमारतीची वाट पाहत शिक्षण थांबले नाही, हेही लक्षात घ्यावे.

तेच आंबेडकर भवन २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आले. विश्वस्त म्हणाले, इमारत मोडकळीला आली होती. विरोधक म्हणाले, हा वारशावर घाला आहे. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मला त्या वादाचा निवाडा येथे करायचा नाही. मला दिसते ते इतकेच : ज्यांच्या आजोबा-आजीने वर्गणी दिली, त्यांना आपले म्हणणे मांडायला रस्त्याखेरीज जागा नव्हती. वर्गणीदार होता, सभासद नव्हता.

गावोगावच्या समाजमंदिरांची गत याहून वेगळी नाही. दलित वस्ती सुधार योजनेतून भिंती उभ्या राहिल्या. अनुदान हा आपला हक्क आहे. तो सोडा असे मी म्हणत नाही. पण कित्येक ठिकाणी किल्ली सरपंचाच्या घरी आणि आत सिमेंटच्या गोण्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. उलट आमच्या वस्तीत विहार आणि अभ्यासिका बांधताना आम्ही प्रत्येक घरातून एका दिवसाची मजुरी घेतली. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने पैसे देताना विचारले, ''पावती माझ्या नावानं फाडा. त्यांच्या नावानं कशाला?'' पुढे हिशेबाच्या सभेत सर्वांत कडक प्रश्न तिनेच विचारले. लोकशाहीचा यापेक्षा मोठा धडा मी कोणत्याही पुस्तकात वाचला नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी पहिली कुदळ मारण्यापूर्वी कागद पाहावा. नुसत्या न्यासात सत्ता विश्वस्तांची असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था केली तर सभासद असतात आणि सर्वसाधारण सभा असते. घटनेत वर्गणीदाराला सभासदत्व, विश्वस्तांना मुदत आणि स्त्रियांना जागा लिहून ठेवा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासले जातात, विश्वस्त बदलले तर तसे कळवावे लागते. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा मागता येतो. तो मागा. शिक्षकांनी तो मुलांना वाचायला शिकवावा.

तक्क्याला कागद नव्हता, पण तो सर्वांचा होता. आज आपल्याकडे कागद आहे. त्यावर सर्वांची नावे आली नाहीत, तर भिंती आपल्या घामाच्या आणि दार दुसऱ्याचे, असेच पुन्हा होईल.