बेथेल: बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट

आजचा भाग जालन्याचा आहे. जालना म्हटलं की आपल्याला स्टील आठवतं, बियाणं आठवतं, मोसंबी आठवते. पण शहराच्या जवळच बेथेल नावाची एक वस्ती उभी राहिली होती, आणि ती वसवणारा माणूस जन्माने ब्राह्मण होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री.

सुरुवात मुंबईत, 1843 मध्ये. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायणने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग नवाच वाद पेटला: मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही? ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, घ्या. सनातनी खवळले. मुंबई-पुण्यात महिनोन् महिने हीच चर्चा.

इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण मिळतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. मला खरं कुतूहल पुढच्याचं आहे. बाप्तिस्मा एका दिवसात होतो. कोर्टाचा निकालही एका दिवसात लागतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर काय?

शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860 च्या दशकात जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, लष्करी छावणीचं गाव. त्यांचं ऐकून ख्रिस्ती झालेल्यांत मांग समाजातली माणसं बरीच होती. ‘दुसऱ्या दिवसाचा’ प्रश्न त्यांच्यासाठी किती अवघड होता बघा. मांगाकडे गावकीची कामं असायची. दोर वळायचे, सण आला की देवापुढे हलगी वाजवायची. त्याबदल्यात सुगीला बलुतं मिळायचं, त्यावर घर चालायचं. आता एखादा म्हणाला, “मी आता देवीपुढे वाजवणार नाही,” तर? भाकरीच बंद. आणि असं एकदा नाही, दर सणाला. एकदा हिंमत करून भागत नव्हतं, दर जत्रेला नव्याने करावी लागायची. सार्वजनिक विहीर तर आधीही बंदच होती, ख्रिस्ती झाल्याने ती काही उघडत नव्हती.

शेषाद्रींनी यावर जे केलं ते प्रवचनापेक्षा जास्त व्यवहाराचं होतं. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि 1870 च्या आसपास गाव वसवलं. नाव बेथेल, म्हणजे देवाचं घर. हे नाव बायबलमधल्या याकोबाच्या गोष्टीतून येतं. तो घर सोडून पळालेला, रात्री उघड्या रानात दगड उशाला घेऊन झोपतो, आणि सकाळी उठून म्हणतो, देव या ठिकाणी आहे आणि मला ठाऊकच नव्हतं. ना मंदिर, ना पुजारी, नुसतं माळरान. जालन्याच्या माळावर वसलेल्या माणसांना हे नाव काही परकं वाटलं नसणार.

इथे शेती, हातची कामं, शाळा आणि चर्च एकाच आवारात आले. म्हणजे श्रद्धा रविवारपुरती उरली नाही. शेतावर जाण्याआधी प्रार्थना करायची तर गावाची परवानगी नको. रविवारी काम बंद ठेवलं तर कोणी बलुतं तोडणार नाही. मूल अक्षर शिकलं की संध्याकाळी घरात शास्त्र वाचून दाखवणार, मराठीत. माझ्या मते इथली भक्ती टिकली ती या रोजच्या गोष्टींमुळे, कोर्टातल्या नाट्यामुळे नव्हे.

हं, याची दुसरी बाजूही आहे. वेगळं गाव म्हणजे वेगळं पडणंही. भाऊबंद जुन्या गावात, आपण मिशनच्या जमिनीवर. काम, शाळा, चर्च सगळं एकाच हाताशी बांधलेलं असेल तर माणूस पाटलाकडून सुटतो आणि मिशनवर अवलंबून राहतो. ही टीका मला बरोबरच वाटते. फक्त ती करताना गावाने तोडलेल्या माणसाने उद्या काय खावं, याचंही उत्तर आपल्याकडे हवं.

शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलले, तेही डोक्यावर पांढरी पगडी ठेवूनच. धर्म बदलला, पगडी राहिली. 1891 मध्ये ते वारले.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1895 मध्ये, आणखी एका नारायणाने बाप्तिस्मा घेतला. कवी ना. वा. टिळक. त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंग-ओवीच्या चालीवर रचली, टाळ घेऊन म्हणता येतील अशी. मराठी चर्चमध्ये ती आजही गातात. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी ओवी आधीपासून होतीच, टिळकांनी तिच्यात ख्रिस्ताचं नाव घातलं. त्यांच्या घरात मात्र लक्ष्मीबाईंना बाप्तिस्म्यापर्यंत यायला आणखी पाच वर्षं लागली, आणि ती पाच वर्षं म्हणजे सोवळं-ओवळं, चूल आणि पाणी. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर पुढच्या भागाआधी नक्की वाचा, आपण तिथूनच सुरू करू.