मुरलेले आणि आंबलेले : फ्लँडर्सच्या एका बिअरच्या निमित्ताने

पेला नाकाशी नेला की पहिली शंका येते ती बिअर बिघडली असल्याची. वास शिरक्याकडे झुकणारा. त्याच्या मागोमाग काळ्या मनुका, आंबट चेरी आणि पावसाळाभर बंद राहिलेल्या जुन्या लाकडी कपाटाची दमट आठवण. रंग तांबूस काळा, चिंचेच्या घट्ट कोळासारखा. पेला उजेडात धरला तर कडेला कोकमाची लाली. पहिला घोट जिभेच्या कडा आवळून घेतो. आंबटपणा ओसरू लागतो तसा भाजलेल्या जवाचा गोडवा वर येतो, आणि घोट गिळून झाल्यावर दातांच्या मुळाशी आवळकाठीसारखा तुरटपणा रेंगाळत राहतो. ज्या कडवटपणावरून आपण बिअर ओळखतो तो इथे जवळजवळ नाहीच. वैद्यकशास्त्रातील षड्रसांच्या भाषेत सांगायचे तर अम्ल, मधुर आणि कषाय असे तीन रस एकामागून एक येतात आणि तिक्त दाराबाहेर उभा राहतो.

ही बिअर बेल्जियममधील वेस्ट फ्लँडर्स प्रांतातल्या रूसेलारे या गावची. तिचे नाव रोडेनबाख ग्राँ क्रू. ओकच्या प्रचंड पिंपांत दोन वर्षे राहिलेली जुनी बिअर सुमारे दोन तृतीयांश आणि ताजी बिअर एक तृतीयांश, असे तिचे मिश्रण असते. आज बिअरचे जाणकार तिला फ्लँडर्सच्या तांबड्या-तपकिरी आंबट बिअरचा मानदंड मानतात. तरीही ती पहिल्यांदा चाखणाऱ्याला बिघडलेली वाटते, आणि हे वाटणे सर्वस्वी चुकीचे नाही. बिअर ज्या जिवाणूंमुळे नासते, साधारण त्याच जिवाणूंमुळे ही बिअर घडते. आपल्याकडे एका गोष्टीला 'आंबले' म्हणून फेकून देतात आणि दुसरीला 'मुरले' म्हणून पाहुण्याच्या पानात वाढतात. या दोन क्रियापदांमधले अंतर केवळ रसायनशास्त्राने भरून निघत नाही. ते कोणी आणि कसे ठरवले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही परका नसावा, म्हणून हा लेख.

आधी पिंपांविषयी. रूसेलारेच्या ब्रुअरीत ओकची सुमारे तीनशे उभी पिंपे आहेत. फ्लेमिश भाषेत त्यांना 'फूडर' म्हणतात. त्यांतील काहींचे वय दीडशे वर्षांच्या पुढे आहे, आणि मोठ्या पिंपात हजारो लिटर बिअर मावते. फळ्यांच्या सांध्यांत वाळलेल्या पाणगवताच्या पात्या बसवून गळती थोपवली जाते. पिंपांची देखभाल करणारे कारागीर ब्रुअरीच्या स्वतःच्या पदरी आहेत. जुनी फळी काढून नवी बसवायची, तर आतल्या बाजूने ती तासावी लागते, कारण लाकूड आत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचे घर असते.

'ओकमध्ये मुरवलेली' हे शब्द हल्ली अनेक बाटल्यांवर दिसतात. पण त्यांचे अर्थ दोन आहेत आणि ते एकमेकांपासून बरेच दूर आहेत. अमेरिकन बूर्बन व्हिस्कीच्या आतून जाळलेल्या नव्या पिंपात बिअर ठेवली, तर लाकूड तिला व्हॅनिला, नारळ आणि धुराचा वास देते. इथे ओक हा मसाला असतो. रूसेलारेच्या जुन्या पिंपांजवळ देण्यासारखा असा गंध फारसा उरलेला नाही. त्यांचे काम निराळे. लाकडाच्या छिद्रांतून प्राणवायू अगदी थोडा थोडा आत झिरपतो, आणि त्या तुटपुंज्या श्वासावर आतले जीव सावकाश काम करतात. दह्यात असते ते लॅक्टिक आम्ल, शिरक्यात असते ते ॲसेटिक आम्ल, आणि आम्ल व मद्यार्क यांच्या संयोगातून निर्माण होणारे फळांसारखे गंध, हे सारे या संथ कारभारातून येते. पिंप जितके मोठे, तितका दर लिटरमागे वाट्याला येणारा प्राणवायू कमी. लहान पिंपात हीच बिअर लवकर शिरका होऊ शकते. थोडक्यात, इथले ओक चव देत नाही, ती घडू देते. प्रभाव आणि पर्यावरण हा भेद आपण कवीविषयी लिहिताना करतो, तसाच हाही.

आता ही पद्धत आली कुठून? रोडेनबाख भावंडांनी १८२१ साली रूसेलारेतील एक ब्रुअरी घेतली, आणि १८३६ मध्ये ती पेद्रो रोडेनबाख व त्यांची पत्नी रेजिना वाउटर्स यांच्याकडे आली. त्यांचा नातू युजीन याने १८७८ मध्ये कारभार हाती घेतला. तो इंग्लंडला गेला, तिथे पोर्टर नावाची काळी बिअर ओकच्या पिंपांत कशी मुरवतात आणि जुनी-नवी कशी मिसळतात हे शिकला, आणि ती विद्या घेऊन परतला, अशी ब्रुअरीची परंपरागत कथा आहे. कथा फारच नीटनेटकी आहे. कुठेतरी पाणी मुरते आहे असे अभ्यासकाला वाटणे साहजिक आहे. जुनी आंबट बिअर ताज्या बिअरमध्ये मिसळण्याची रीत उत्तर युरोपात इतरत्रही होती. शीतकरण नसलेल्या काळात तो व्यवहाराचा भाग होता. जुनीतल्या आम्लामुळे ताजी टिके आणि ताजीतल्या गोडव्यामुळे जुनी घशाखाली उतरे. तेव्हा युजीनने शून्यातून काही आणले असे नव्हे. गावात जे होते त्याला त्याने आकारमान आणि शिस्त दिली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

मात्र या कथेतला इंग्लंडचा धागा फार बोलका आहे. अठराव्या शतकात लंडनच्या पोर्टर-कारखानदारांत सर्वांत मोठे पिंप कोणाचे याची चढाओढ लागली होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील म्यू कंपनीच्या हॉर्स शू ब्रुअरीत असे एक पिंप फुटले. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या गिऱ्हाइकाची रुची पालटली. त्याला मुरलेली, आंबूस बिअर नकोशी झाली, ताजी आणि सौम्य हवीशी झाली. म्हणजे फ्लँडर्समध्ये ही पद्धत जोमाने रुजत होती तेव्हा तिच्या इंग्रजी घरी ती ओसरू लागली होती. एखादा वाङ्मयप्रकार मूळ भूमीत निस्तेज व्हावा आणि दुसऱ्या भाषेत त्याला पालवी फुटावी, अशी उदाहरणे आपल्या वाचकांना सांगायला नकोत.

शतकाच्या त्याच टप्प्यावर कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत नेमके उलट काम चालले होते. लुई पाश्चरचा बिअरविषयक ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला होता, आणि बिअरच्या रोगांचे मूळ परक्या जिवाणूंत आहे हे त्याने दाखवून दिले होते. १८८३ मध्ये एमिल क्रिश्चन हॅन्सन याने कार्ल्सबर्गमध्ये यीस्टची एकच एक शुद्ध जात वेगळी काढली. जगभरच्या फिक्या, स्वच्छ, सर्वत्र सारख्या लागणाऱ्या लागर बिअरचा पाया इथे घातला गेला. शुद्धतेचा हा विजय होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्याआधी पिंपेच्या पिंपे नासून जात. पण १९०४ मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरला तिची खास चव एका रानटी यीस्टमुळे येते, आणि शुद्ध यीस्टने ती कधीच येणार नाही. त्या यीस्टला त्याने 'ब्रेटॅनोमायसिस' असे नाव दिले. अर्थ, ब्रिटिश बुरशी. ज्या संस्थेने शुद्धतेचा मंत्र दिला तिनेच अशुद्धतेचे बारसे करावे, हा इतिहासातला एक सुंदर विरोधाभास आहे. रूसेलारेच्या लाकडात नांदणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये या यीस्टचीही वस्ती आहे. फ्लँडर्सच्या मातीचा अर्क म्हणून जी चव वाखाणली जाते, तिच्या एका घटकाच्या नावातच ब्रिटन आहे.

रोडेनबाख कुळाचा इतिहास पाहिला की हा गुंता अधिक दाट होतो. बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा नव्या राष्ट्राच्या राष्ट्रीय काँग्रेसमध्ये या कुळातला अलेक्झांडर रोडेनबाख बसला होता. तो अंध होता, आणि अंधांच्या व मूकबधिरांच्या शिक्षणाविषयी त्याने लेखन केले. नव्या राष्ट्राची राज्यभाषा आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच होती. फ्लेमिश ही घरची, शेताची, बाजाराची बोली. याच कुळात एका वर्षाच्या अंतराने दोन कवी जन्मले. झॉर्ज रोडेनबाख (१८५५–१८९८) फ्रेंचमध्ये लिहू लागला आणि पॅरिसला गेला. त्याची 'ब्रूज-ला-मॉर्त' (१८९२) ही कादंबरी प्रतीकवादाची महत्त्वाची कृती मानली जाते, आणि मजकुरात छायाचित्रे गुंफणाऱ्या आरंभीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. आल्ब्रेख्त रोडेनबाख (१८५६–१८८०) रूसेलारेत जन्मला. ज्या धर्मशाळेत पूर्वी कवी गीदो गेझेले शिकवत असे, तिथे गेझेलेचा शिष्य ह्यूगो फेरीस्ट याच्या हाताखाली तो शिकला. १८७५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी फ्रेंच गाणी म्हणायला नकार देऊन फ्लेमिशचा आग्रह धरला, त्या चळवळीचा तो कवी-नायक. तेविसाव्या वर्षी तो वारला. १९०९ साली रूसेलारेत त्याचा पुतळा उभारला गेला.

एकाच कुळातल्या या दोन भाषांपैकी 'खरी' कोणती? फ्लेमिश चळवळीचे उत्तर उघड होते, आणि न्याय तिच्याच बाजूला होता. कायद्याच्या भाषा म्हणून डच आणि फ्रेंच यांना समान दर्जा मिळायला १८९८ साल उजाडावे लागले. पण झॉर्जने फ्रेंचमध्ये ब्रूजचे धुके, कालवे आणि घंटा लिहिल्या म्हणून त्या फ्लँडर्सच्या राहिल्या नाहीत असे कोण म्हणेल? देशीयतेची चर्चा मराठीतही आपण पुष्कळ केली आहे, नेमाड्यांच्या देशीवादानंतर तर विशेषच. तीत एक गोष्ट सहज निसटते. केशवसुतांनी इंग्रजीतून आणलेले सुनीत मुळात इटलीचे. मराठीत ते मुरले, आणि मुरल्यावर त्याला परके म्हणण्यात अर्थ उरला नाही. उगम विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे ते किती काळ आणि कोणत्या लाकडात राहिले हे विचारणे.

या इतिहासात शेवटचा प्रवेश समीक्षकाचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर लागरचे राज्य पसरले आणि आंबट बिअरचे अनेक लहान उत्पादक बंद पडले. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकाराचा जगातील बिअरची ओळख करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गायक जॅक्सनशी त्याचे नाते केवळ नावापुरते. त्याने बिअरची प्रकारवार मांडणी केली आणि वेस्ट फ्लँडर्सच्या तांबड्या बिअरला तीत स्वतंत्र जागा दिली. बर्गंडीच्या वाइनशी तिची तुलनाही त्याने केली. तोवर गावकऱ्यांच्या दृष्टीने ती फक्त 'आपली बिअर' होती. आता तो 'प्रकार' झाला, त्याला लक्षणे आली, मानदंड आले. नाव मिळाल्यामुळे ती वाचली असे म्हणता येईल. पण वर्गीकरणाची किंमतही असते. शेजारच्या औडेनार्डे गावची तपकिरी आंबट बिअर ओकशिवायच मुरते, तरी प्रकारांच्या याद्यांत ती कित्येकदा या बिअरच्याच पंगतीला बसवली जाते. वाङ्मयप्रकारांच्या व्याख्या शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण परिचित आहे.

पुढचा प्रवास अटलांटिकपलीकडचा. रोडेनबाखमध्ये काम केलेला पीटर बूकार्ट १९९६ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या न्यू बेल्जियम या ब्रुअरीत गेला. तिथे ओकच्या पिंपांत मुरवलेली 'ला फोली' नावाची गडद, आंबट बिअर तयार झाली. फोली म्हणजे वेडेपणा. बाटलीवर 'बेल्जियन शैली' म्हणतात तिचा अर्थ अशा वेळी काय घ्यायचा? माणूस बेल्जियन, लाकूड वाइनचे, गाव अमेरिकन आणि शिकवण, कथा खरी मानली तर, मुळात इंग्रजी. ती चाखताना तीच आंबट-तुरट चढण लागते, फक्त थोडी अधिक धारदार, आणि गोडव्याचा हात मध्येच सुटतो. नक्कल म्हणावी तर तिच्यात स्वतःचा हट्ट आहे.

२०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. वारसा म्हटले की आपण काचेच्या कपाटाचा विचार करू लागतो. रूसेलारेतली रीत वेगळी आहे. तिथे दोन पिंपे कधीच सारखी नसतात. जाणकार प्रत्येकातली बिअर चाखतो. कोणती आंबली आणि कोणती मुरली हे ठरवतो, आणि जुनीत नवी मिसळतो. ही निवड यंत्रावर सोपवता येत नाही आणि एकदा करून संपतही नाही. पुढच्या दोन वर्षांनी पुन्हा कोणाला तरी पेला नाकाशी न्यावाच लागतो, आणि त्यालाही पहिल्यांदा ती बिघडल्याचीच शंका येत असणार.