चेहऱ्याचें माप

चेहरा पाहून माणूस ओळखणारें यंत्र आतां विमानतळाच्या दारांत, पोलीसकचेरींत, फार काय, खिशांतल्या दूरध्वनींतहि बसलें आहे. त्याची वंशावळ मात्र पॅरिसच्या पोलीसकचेरीपर्यंत जाऊन पोंचते. तेथें १८७९ सालीं आल्फाँस बर्तियाँ नांवाचा एक तरुण कारकून लागला. सुटलेला गुन्हेगार नांव बदलून पुन्हा सांपडला तर त्यास ओळखावें कसें, ही तेथील नित्याची अडचण. बर्तियाँनें उंची, डोक्याची लांबी-रुंदी, कान, डावें पाऊल, मधलें बोट अशीं अकरा मापें घेण्याची पद्धति बसविली. आणि १८८३ सालीं तिच्या आधारें पहिला जुना गुन्हेगार उघडकीस आला. पुढें त्यानें समोरून एक व बाजूनें एक अशीं छायाचित्रेंहि जोडलीं.

ही पद्धति बंगालमध्यें आली, पण टिकली नाहीं. तेथील पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं काझी अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं बोटांच्या ठशांचें वर्गीकरण सिद्ध केलें, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. जगभर ती पद्धति हेन्रीच्याच नांवानें गेली, हें सांगावयास नकोच!

या दोन्ही रीतींत माणूस समोर उभा करावा लागे. डोक्यास कंपास लागला, बोट काळें झालें, कीं त्याचें त्यास कळे. मीं तीस वर्षें वर्गांत हजेरी घेतली. ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलासहि आपण नोंदले गेलों हें ठाऊक असे.

१९६४-६५ सालीं कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें वुडी ब्लेडसो यांनीं हें बदललें. छायाचित्रावर डोळ्यांचे कोपरे, केसांची रेषा असे बिंदु हातानें खुणावयाचे. त्यांवरून संगणक वीस अंतरें काढी. तासास सुमारें चाळीस चित्रें होत. पैसा एका गुप्तहेर खात्याचा, म्हणून बरेंचसें काम छापलेंच गेलें नाहीं. कल्पना बर्तियाँचीच; पण मोजला जाणारा माणूस आतां खोलींत नव्हता.

जानेवारी २००१ मध्यें फ्लॉरिडांतील टँपा येथें अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यास आलेल्या हजारों प्रेक्षकांचे चेहरे दारांतच टिपून गुन्हेगारांच्या चित्रांशीं ताडून पाहिले. अटक एकहि झाली नाहीं. प्रेक्षकांस ही वार्ता मागाहून वर्तमानपत्रांतून कळली.

डेट्रॉइट शहरीं एका दुकानांतून घड्याळें चोरीस गेलीं. तेथील अंधुक चित्र यंत्रानें एका गृहस्थाच्या जुन्या परवान्यावरील छायाचित्राशीं जुळविलें, आणि जानेवारी २०२० मध्यें पोलिसांनीं त्यास पत्नी व दोन लहान मुलींच्या देखत धरून नेलें. सुमारें तीस तास तो कोठडींत होता. चोर तो नव्हताच. तें छायाचित्र त्यानें मोटार हांकतां यावी म्हणून दिलें होतें. आपणहि कितीतरी कचेऱ्यांस असें चित्र देऊन आलों आहों. २०२४ सालीं त्या शहरानें तडजोड करून मान्य केलें कीं, केवळ यंत्रानें चेहरा जुळविला एवढ्यावरून यापुढें कोणास अटक करावयाची नाहीं.